बाप्तिस्मा झाला, पुढे काय? कवी नारायण वामन टिळक यांची जीवनकथा



आपल्याला आपल्या बाप्तिस्म्याची आठवण कधी येते? बहुतेकांना ती चर्चच्या ऑफिसात येते. मुलाचा शाळाप्रवेश असतो किंवा मुलीचे लग्न ठरलेले असते आणि बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो. मग जुने रजिस्टर निघते, पाने उलटली जातात, नाव सापडते. आपण सही-शिक्क्याचा कागद घेतो, फाइलमध्ये नीट ठेवतो आणि घरी येतो. काम झाले! दाखला कपाटात जातो आणि त्याच्याबरोबर आपला बाप्तिस्माही.

आपल्यापैकी बहुतेकांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. डोक्यावर पाणी ओतले गेले तेव्हा आपण रडलो असू किंवा झोपलेले असू. आपल्या वतीने आईवडिलांनी आणि ज्ञानपिता-ज्ञानमातेने श्रद्धा प्रकट केली. हे देवाचे मोठे दान आहे. आपण काही कमावण्याआधीच त्याने आपल्याला आपली लेकरे म्हटले. पण फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत पुष्कळदा कळत नाही. म्हणून आज एका अशा माणसाची कथा पाहू या, ज्याला बाप्तिस्म्याची पुरेपूर किंमत मोजावी लागली. ते आहेत कवी नारायण वामन टिळक.

त्यांचा आणि आपल्या मुंबईचा संबंध जवळचा आहे. त्यांचा बाप्तिस्मा याच शहरात झाला आणि त्यांनी शेवटचा श्वासही याच शहरात, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात घेतला. लालबाग-परळहून आपण कितीतरी वेळा त्या रुग्णालयावरून गेलो असू, पण हा विचार मनात आला नसेल.

टिळक कॅथलिक नव्हते. ते प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते. मग त्यांची कथा आपल्या पत्रिकेत कशासाठी? कारण पाण्याने आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा आपली ख्रिस्तसभा खरा मानते, मग तो दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये झालेला असला तरी. अशी व्यक्ती पुढे कॅथलिक झाली तर तिला पुन्हा बाप्तिस्मा दिला जात नाही. बाप्तिस्मा एकच आहे. त्या नात्याने टिळक आपले बंधूच आहेत.

आईचे संस्कार आणि नाशिकची शाळा

नारायणाचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव तापट आणि कडक होता. आई जानकीबाई मात्र मायाळू, भक्तिमान आणि कवितेची आवड असलेली होती. नारायणाला देवाची आणि काव्याची गोडी आईकडून लागली. आई लवकर वारली आणि घराचा आधार गेला. मुलगा शिकण्यासाठी नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा विद्वान गुरू त्याला लाभला. संस्कृत काव्याचा पाया तिथेच पक्का झाला.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. तिचे माहेरचे नाव मनकर्णिका. लग्नानंतर ती लक्ष्मी झाली. तेव्हा ती जेमतेम अकरा-बारा वर्षांची होती. याच लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठी वाचणाऱ्या घराघरांत ते पुस्तक आजही आवडीने वाचले जाते.

टिळकांचा पाय एका जागी ठरत नसे. त्यांनी शिक्षकी केली, व्याख्याने दिली, कविता रचल्या. पैसा हातात टिकत नसे. कोणी मागितला की दिला, मग घरी चूल पेटो न पेटो! संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. पुढे नागपुरात आप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांच्या संपादनाच्या कामाला लागले आणि ‘ऋषी’ नावाचे धर्मविषयक मासिकही त्यांनी चालवले.

या सगळ्या धडपडीच्या मुळाशी एक प्रश्न होता. आपला देश असा दुबळा का झाला? माणूस माणसाला अस्पृश्य का मानतो? देव एक असेल तर त्याच्या लेकरांत इतक्या भिंती कशा? जुन्या ग्रंथांत त्यांनी उत्तर शोधले. समाधान झाले नाही, तेव्हा आपणच एक नवा धर्म मांडावा असेही त्यांच्या मनात घोळू लागले. त्यात ख्रिस्ती धर्माचा विचार मात्र नव्हता. तो परक्यांचा, राज्यकर्त्यांचा धर्म अशीच त्या काळच्या सुशिक्षित माणसाची समजूत होती.

आगगाडीतील भेट

१८९३ च्या सुमाराची गोष्ट. नोकरीसाठी टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी होता. तो या नेटिव्ह माणसाशी कसा वागेल याची टिळकांना शंका होती. पण त्याने आदराने जागा दिली आणि गप्पा सुरू केल्या. बोलणे संस्कृत काव्यावर आले आणि तिथून धर्मावर. निघताना त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले.

पण वचन दिले होते, म्हणून ते वाचू लागले. सुरुवातीला मन लागेना. मग मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन आले आणि टिळक थबकले. शत्रूवर प्रेम, निर्मळ अंतःकरण, दीनांना मिळणारे राज्य, सर्वांना सारखाच पाऊस आणि ऊन देणारा पिता! इतकी वर्षे जे शोधत होते ते या पानांत होते. ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना.

पुढचे दिवस तळमळीचे होते. नाव उघड न करता एका ख्रिस्ती नियतकालिकाशी त्यांनी पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. जस्टिन अ‍ॅबट होते, त्यांच्याशी संबंध आला. हेच अ‍ॅबट पुढे आपल्या मराठी संतकवींचे इंग्रजीत भाषांतर करणारे अभ्यासक म्हणून ओळखले गेले. टिळकांची बुद्धी पटली होती, मनही ओढले जात होते. पण पाऊल उचलायचे म्हणजे काय, हे त्यांना पुरते ठाऊक होते. जात जाणार, आप्त जाणार, नोकरी जाणार. आणि घरी बायको होती, लहानगा मुलगा दत्तू होता.

बंधुभगिनींनो, इथे आपण क्षणभर थांबू या. मनातल्या मनात ख्रिस्ताला मानून टिळकांना सुखाने राहता आले असते. घरात नवा करार वाचला असता, प्रार्थना केली असती, तर कोणाला कळले असते? अनेकांनी तसे केलेही. मग बाप्तिस्म्याची गरज काय? टिळकांना गरज वाटली, कारण प्रेम लपवून ठेवता येत नाही. लग्न ठरवलेला माणूस मनातच लग्न लावून थांबत नाही. तो चार माणसांसमोर, देवासमोर उभा राहतो. बाप्तिस्म्यात देव आपल्याला उघडपणे आपले म्हणतो आणि आपणही त्याला उघडपणे आपला म्हणतो.

रविवार, १० फेब्रुवारी १८९५

त्या रविवारी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे वय ३३ वर्षांचे होते. एका गोष्टीचा त्यांनी आग्रह धरला होता. बाप्तिस्मा गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नको, आपल्याच देशातील पाळकाच्या हातून हवा. त्याप्रमाणे रेव्ह. तुकाराम नथोजी यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला.

या आग्रहाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. टिळकांना मिशनऱ्यांचा तिटकारा नव्हता. त्यांच्यातील कित्येकजण त्यांचे जिवलग मित्र होते. पण ख्रिस्त हा साहेबांचा देव नाही, तो या मातीतल्या माणसाचाही आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगायचे होते. पाणी इथलेच, हात इथलेच, भाषा इथलीच. आपल्या मुंबई महाधर्मप्रांताला पहिले भारतीय आर्चबिशप, व्हॅलेरियन ग्रेशस, १९५० साली लाभले. टिळकांनी ती जाणीव ५५ वर्षे आधी आपल्या बाप्तिस्म्यात व्यक्त केली होती.

शहरभर आणि नाशिक-नागपूरपर्यंत खळबळ उडाली. विद्वान ब्राह्मण कवी बाटला! आप्तांनी संबंध तोडले. शब्दांचे, अपमानाचे घाव त्यांनी सोसले. पण सर्वांत खोल जखम घरातलीच होती.

लक्ष्मीबाईंचा प्रवास

पतीने धर्म बदलल्याची बातमी लक्ष्मीबाईंना कळली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला होता. जेवण सुटले, झोप उडाली. लहान दत्तूला घेऊन त्या नातलगांकडे राहिल्या. त्यातला बराच काळ पंढरपुरात गेला. तिकडे टिळक नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिशनच्या शिक्षणसंस्थेत शिकवत होते, लिहीत होते आणि पत्नीला पत्रे पाठवत होते. जवळजवळ पाच वर्षे हे असे चालले.

इथे आपण टिळकांना निर्दोष ठरवण्याची घाई करू नये. त्यांच्या निर्णयाची किंमत त्यांच्याइतकीच, कदाचित अधिकच, एका तरुण स्त्रीने मोजली, आणि तिला कोणी आधी विचारले नव्हते. देवाची हाक ऐकणाऱ्या माणसाच्या घरच्यांचे अश्रूही देव मोजतो, हे आपण विसरू नये. पण एक गोष्ट टिळकांनी कटाक्षाने पाळली. पत्नीवर त्यांनी धर्माची सक्ती केली नाही.

अखेर लक्ष्मीबाई नगरला आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, तर नवऱ्याजवळ राहण्यासाठी. सोवळेओवळे त्यांनी सोडले नव्हते. त्यांची चूल वेगळी होती, पाणी वेगळे होते. टिळकांनी ते सगळे चालू दिले. मग हळूहळू, कोणाच्या उपदेशाने नव्हे तर स्वतःच्या विचाराने, त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जन्म-मरण, भूक-तहान, सुख-दुःख जातीप्रमाणे वेगवेगळे दिसले असते. तसे कुठे दिसते? विचार पक्का झाला आणि त्यांनी जातीची बंधने टाकून दिली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

एकाच घरातले हे दोन बाप्तिस्मे! टिळक पुस्तकातून आले, लक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून. नवऱ्याचा बाप्तिस्मा बायकोला आपोआप लागू झाला नाही. तिला आपली वाट स्वतः चालावी लागली. आपल्या घरातील मुलांचेही असेच आहे. तान्हेपणी आपण त्यांना बाप्तिस्मा देतो, पण मोठेपणी त्या होकारावर त्यांना स्वतःची सही करावी लागते. आपण ती त्यांच्या हाताला धरून करून घेऊ शकत नाही. वाट दाखवता येते, वाट पाहता येते आणि घरात प्रेमाचे वातावरण ठेवता येते. टिळकांनी पाच वर्षे वाट पाहिली आणि पत्नी आल्यानंतरही पाहिली. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती करता येत नाही, असे आपल्या ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली स्पष्टपणे सांगितले. नगरच्या त्या घरात ते तत्त्व आधीच जगले जात होते.

बाप्तिस्म्याने दिलेले काम

बाप्तिस्म्यानंतर टिळक २४ वर्षे जगले. या २४ वर्षांत त्यांनी काय केले?

त्यांनी प्रथम मोठे कुटुंब स्वीकारले. नगर भागातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक तेव्हा महार आणि मांग समाजांतून आलेले होते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायचा असे लहानपणी शिकवले गेले होते, त्यांच्या शेजारी बसून टिळक जेवू लागले, प्रार्थना करू लागले, त्यांच्या मुलांना शिकवू लागले. बाप्तिस्म्यात जुना माणूस पुरला जातो आणि नवा उठतो, अशी शिकवण संत पौल देतो. टिळकांमधला जातीचा अभिमान बाळगणारा ब्राह्मण त्या पाण्यात खरोखरच पुरला गेला. दुष्काळ आणि प्लेगच्या काळात निराधार मुलांना त्यांच्या घरात आसरा मिळाला. बालकवी ठोंबरे हा हिंदू तरुण कवीही नगरला त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. तो हिंदूच राहिला आणि तरीही घरचाच राहिला. टिळकांच्या प्रेमाला अट नव्हती.

दुसरे काम भाषेचे. त्या काळी चर्चमध्ये गायिली जाणारी बरीच गीते इंग्रजी चालींवर बसवलेली असत. शब्द मराठी, पण सूर परका. शेतावरून, गिरणीतून आलेल्या माणसाच्या ओठांवर ते रुळत नसत. टिळकांनी अभंग, ओवी, भजन यांतून येशूला गायिले. त्यांनी शेकडो गीते लिहिली आणि ती मराठी ख्रिस्ती उपासनेचा भाग झाली. ज्ञानोबा-तुकोबांचे संस्कार त्यांनी टाकून दिले नाहीत. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. आपल्याला यात नवल वाटू नये. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच गोव्यात राचोल येथे छापले गेले होते. टिळकांनीही १९०९ मध्ये प्रभू येशूच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले. ते दहा-अकरा अध्यायांपुढे गेले नाही. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ते पुरे केले आणि त्यांच्या निधनानंतर, १९३८ साली, ते प्रसिद्ध झाले. ज्या बाईंना या धर्माच्या नुसत्या नावाने रडू कोसळले होते, त्यांनीच ख्रिस्ताची कथा पूर्णत्वाला नेली! देवाच्या योजना अशा असतात.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे १८४२ पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादन त्यांनी केले. चर्चचा कारभार भारतीयांच्या हाती यावा, मिशनऱ्यांनी मायबाप न होता मित्र व्हावे, असे ते सतत मांडत राहिले. त्याच वेळी निसर्गावर आणि मुलांवर कविताही लिहीत राहिले. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राने त्यांच्यावर प्रेम केले. त्यांच्या कविता शाळेत शिकलेल्या कित्येकांना ते ख्रिस्ती होते हे ठाऊकही नसते.

देवाचा दरबार

१९१७ साली टिळकांच्या जीवनाला पुन्हा वळण लागले. वय ५५ झाले होते. पाळक म्हणून मान होता, मिशनचा पगार होता. पण त्यांना आतून वाटू लागले की ख्रिस्ताची ओळख या देशाला अजून पटलेली नाही आणि त्यात आपल्या पगारी धर्मसेवेचाही दोष आहे. त्यांनी मिशनची नोकरी सोडली. संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्याला राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ त्यांनी सुरू केला. येशूला गुरू आणि प्रभू मानणाऱ्या सर्वांसाठी तो खुला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात येऊ शकत होते.

स्वतः बाप्तिस्म्यासाठी सर्वस्व पणाला लावलेला माणूस, आणि तो बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही आपल्या दरबारात बोलावतो? अनेक ख्रिस्ती लोकांना हे रुचले नाही. आपल्यालाही प्रश्न पडेल. आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण इथे स्पष्ट आहे. बाप्तिस्मा हे ख्रिस्तसभेत येण्याचे दार आहे आणि सर्व राष्ट्रांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा प्रभूनेच शिष्यांना दिली आहे. ते दार ऐच्छिक समजता येत नाही. या मुद्द्यावर आपण टिळकांच्या सगळ्या मार्गाने जाऊ शकत नाही.

पण त्यांच्या मनातली कळकळ समजून घेऊ या. येशूवर मनापासून प्रेम करणारी कितीतरी माणसे त्यांनी पाहिली होती. बाप्तिस्मा म्हणजे घरदार, गाव आणि समाज तुटणे अशी परिस्थिती असल्याने ती उंबरठ्यावर थबकली होती. ते तुटणे काय असते हे टिळकांना अनुभवाने माहीत होते. त्या माणसांना दाराबाहेर उन्हात उभे ठेवायचे की ओसरीवर बोलावून पाणी द्यायचे? टिळकांनी ओसरी बांधली. आपल्या ख्रिस्तसभेलाही ही ओसरी अपरिचित नाही. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या उमेदवाराला ती आपल्याच घरचा मानते. बाप्तिस्म्याची इच्छा धरून, तो मिळण्यापूर्वीच जो मरण पावतो, त्याला त्या इच्छेमुळेच तारण लाभते असे ती शिकवते. आणि स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात, त्यांनाही देवाची कृपा पोहोचू शकते, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले आहे. दार महत्त्वाचे आहेच. पण दारात उभे राहून कोणाला अडवण्यासाठी आपल्याला बाप्तिस्मा मिळालेला नाही. आत बोलावण्यासाठी मिळाला आहे.

दरबाराला फार आयुष्य मिळाले नाही. टिळकांची प्रकृती ढासळत गेली. उपचारासाठी त्यांना मुंबईला आणण्यात आले. ज्या शहरात २४ वर्षांपूर्वी ते पाण्यातून नवे होऊन निघाले होते, त्याच शहरात ९ मे १९१९ रोजी, शुक्रवारी, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या अस्थी नगरला विसावल्या आहेत. संपत्ती काही मागे नव्हती. मागे होती ती गाणी.

आपल्या धर्मग्रामासाठी

आता पुन्हा आपल्याकडे वळू या. आपण टिळकांसारखे कवी नाही. आपल्यापैकी कोणाला जात सोडावी लागली नाही, कोणाला घरातून बाहेर काढले गेले नाही. पण बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या मस्तकावर पवित्र तेल लावले गेले. ख्रिस्ताच्या याजकपणात, संदेष्टेपणात आणि राजेपणात आपल्याला वाटा मिळाला. पांढरे वस्त्र दिले गेले. पास्काच्या मेणबत्तीवरून आपली मेणबत्ती पेटवली गेली. म्हणजे जे काम टिळकांना मिळाले तेच आपल्यालाही मिळाले आहे. प्रेषितकार्य हे फक्त फादरांचे आणि सिस्टरांचे काम नाही.

ते करायचे कुठे? आपण चाळीत राहतो, टॉवरमध्ये राहतो. शेजारी बहुतेक हिंदू आहेत, काही मुसलमान, काही बौद्ध. गणपतीला त्यांचा प्रसाद आपल्याकडे येतो, नाताळला आपल्या करंज्या त्यांच्याकडे जातात. या शेजारधर्मात आपला बाप्तिस्मा दिसतो का? सार्वजनिक नळावर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, ऑफिसातल्या हिशेबात, सासू-सुनेच्या बोलण्यात तो दिसतो का? शेजारणीला रात्री-अपरात्री रुग्णालयात न्यायचे असेल तर ती आपले दार वाजवते का? टिळकांना त्या आगगाडीत प्रथम पुस्तक भेटले नव्हते. प्रथम भेटला होता आदराने जागा देणारा एक माणूस. त्याने जागा दिली म्हणून पुढे पुस्तक घेतले गेले. लोकलच्या गर्दीत हे आपल्याला रोज करता येण्यासारखे आहे.

आणि आपल्यातल्या भिंतींचे काय? आडनाव ऐकून, गाव विचारून, मूळ जात अजमावून आपण लग्ने ठरवत नाही का? अमुक हे वसईचे, तमुक हे नगरकडचे, हे मंगळुरी, हे गोव्याचे, असे म्हणताना आवाजात कमी-जास्त भाव येत नाही का? बाप्तिस्म्याच्या पाण्यात ज्या गोष्टी बुडायला हव्या होत्या, त्या आपण वर काढून पुसून ठेवल्या आहेत काय, हे प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारावे.

या आठवड्यात तीन छोट्या गोष्टी करू या. पहिली, आपल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधू या. दिवंगत पोप फ्रान्सिसही श्रद्धावंतांना ही तारीख लक्षात ठेवायला वारंवार सांगत असत. वाढदिवस लक्षात राहतो तर हा दिवस का राहू नये? त्या दिवशी घरात मेणबत्ती लावून सर्वांनी मिळून प्रार्थना करावी. दुसरी, आपल्या ज्ञानपित्याला आणि ज्ञानमातेला फोन करावा, ते हयात नसतील तर त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. आणि आपण स्वतः कोणाचे ज्ञानपिता-ज्ञानमाता असू, तर त्या मुलाची विचारपूस करावी. तिसरी, घरातील जो तरुण किंवा तरुणी मिस्साला येईनाशी झाली आहे, तिला टोमणा न मारता तिच्यासाठी रोज एक प्रार्थना करावी. वाट पाहणे हेही प्रेषितकार्यच आहे.

हे प्रभू येशू, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून तू आम्हाला आपले केलेस. तो दाखला आम्ही कपाटात ठेवला, याची आम्हाला क्षमा कर. तुझे सेवक नारायण आणि लक्ष्मी यांनी मोठी किंमत देऊन तुला स्वीकारले. आम्हाला तू फुकट मिळालास. तुझी किंमत आम्हाला कळू दे. आमच्या घरातून, आमच्या भाषेतून, आमच्या वागण्यातून आमच्या शेजाऱ्यांना तुझी ओळख पटू दे. आमेन.